बाईंचा वीस मार्कांचा पेपर

सी भाषेत जे वाकडे कंस येतात त्यांना मराठीत महिरपी कंस म्हणतात, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नाही. ते बाईंनी सांगितलं. सी ही कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा, आणि बाईंना कॉम्प्युटर चालू कुठून करतात हेसुद्धा माहीत नव्हतं. पण छापलेल्या पानावर कोणतं चिन्ह कुठं उभं आहे, ते त्यांच्या नजरेतून कधी सुटलं नाही.

मी सौंदडची. बारावीनंतर गोंदियाला बीएस्सी कॉम्प्युटरला नाव घातलं आणि शहराला लागून असलेल्या मुर्रीला बाईंच्या घरची वरची खोली भाड्याने मिळाली. बाबा मला सोडायला आले होते. बाई घरापुढच्या छपरीत खुर्चीवर बसून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका वाचत होत्या. हातात लाल पेन होता आणि 'शुभाशिर्वाद' शब्दातल्या ऱ्हस्व शि-भोवती त्यांनी गोल केला होता. भाडं किती, पाणी किती वाजता येतं, यातलं काही बोलायच्या आधी त्यांनी बाबांना विचारलं,

"पोरगी काय शिकून राहिली?"

"कॉम्प्युटर."

"परीक्षा असते का त्यात?"

"असते जी. वर्षातून दोनदा."

"मग राहू द्या," बाई म्हणाल्या.

त्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. सगळी नोकरी सालेकसा, देवरीकडच्या गावांत. लग्न केलेलं नव्हतं. एक भाऊ रायपूरला होता, तो दिवाळीला फोन करायचा. निवृत्तीनंतर मुर्रीत घर बांधलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आता प्रश्न विचारायला कोणी नाही. त्या दारावर येणाऱ्या भाजीवालीला सतराचा पाढा विचारायच्या. मीटर बघायला आलेल्या माणसाला 'विद्युत'चा विरुद्धार्थी शब्द विचारला होता, आणि असा शब्दच नसतो हे त्यानं सांगेपर्यंत त्याला जाऊ दिलं नव्हतं. गल्लीतल्या एखाद्या मुलीला ऐंशी टक्के पडले असं कोणी कौतुकानं सांगितलं, की बाई विचारणार, "उरलेले वीस काय झाले?" टोमणा नसायचा तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. पण लोक हळूहळू त्यांच्या फाटकासमोरून न जाता मागच्या गल्लीनं जायला लागले होते. शेजारची हिंदी बोलणारी काकू मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "उधर से मत निकला कर, बहनजी पकड़ लेगी."

मला वरून खाली यायला तेवढा एकच जिना होता.

पहिल्या सेमिस्टरला माझा सीचा पेपर गेला. बाकी सगळे विषय निघाले, सीमध्ये बॅक लागला. कॉलेजात सगळे हिंदी बोलायचे. माझ्या तोंडून 'का'ऐवजी 'काऊन' निघालं की मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. म्हणून मी बोलणंच कमी केलं, आणि बोलणं कमी झालं तशी शंका विचारणंही थांबलं. निकाल लागला त्या दिवशी मी जेवले नाही. संध्याकाळी बाई जिन्याच्या खालच्या पायरीशी उभ्या राहून म्हणाल्या, "पुस्तक घेऊन खाली ये."

पुस्तक म्हणजे प्रश्नसंच. हिरव्या पुठ्ठ्याचा, पाचशे प्रश्न, मागे उत्तरं छापलेली. बाईंनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं आणि अचानक त्यांची भाषा बदलली. एरवी आमच्यासारखंच बोलणाऱ्या बाई परीक्षा सुरू झाली की पुस्तकी मराठी बोलत.

"सांग पाहू. चल म्हणजे काय?"

"काय?"

"व्ही, ए, आर. व्हेरिएबल. खाली पेन्सिलीनं तूच चल असं लिहिलं आहेस."

मी उत्तर सांगितलं. बाईंचं बोट मागच्या पानावरच्या इंग्रजी ओळीवरून सरकत होतं. प्रिंटएफला त्या 'प्रिंट-फ' म्हणायच्या, स्कॅनएफला 'स्कॅन-फ', सेमिकोलनला अर्धविराम. माझ्या उत्तरात एक 'ऑफ' राहिला होता. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.

"अर्थ तोच आहे, बाई."

"अर्थ मले कुठं समजते?" त्या परत घरच्या भाषेवर आल्या. "मी शब्द तपासून राहिली. शब्द बराबर पाह्यजे."

त्या दिवसापासून रोज सहा ते सात. लाईट गेली तर कंदील, मी तापानं पडले तर त्या वर येऊन खाटेशी बसायच्या. पंधरवड्यातून एकदा मी बल्लारशाहच्या गाडीनं सौंदडला घरी जायची, तेव्हाही त्या विचारायच्या, "किती दिवस?" दोन म्हटलं की दहा प्रश्न कागदावर उतरवून द्यायच्या आणि परत आल्यावर घ्यायच्या. सुरुवातीला मला वैताग यायचा. मग सवय झाली. मग असं झालं, की दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेलं असायचं ते एवढंच. बाईंचंही तसंच असावं. आम्ही दोघी एकमेकींना हे कधी बोललो नाही. सात वाजले की त्या पुस्तक मिटून "जा, जेव" म्हणायच्या, आणि मी वर जाऊन जेवायची, त्या खाली.

पाचशे प्रश्न तीनदा झाले तोवर त्यांना उत्तरं पाठ झाली होती. मग त्यांना अर्थाची भूक लागली. एक दिवस पुस्तक मांडीवर उलटं ठेवून त्यांनी विचारलं, "हे शून्यापासून कायले मोजते? पाच खोके असले तर पहिल्याले शून्य नंबर काऊन?"

मी सांगितलं, आकडे ठेवायचे खोके कॉम्प्युटर तसेच मोजतो. त्यामुळे शेवटच्या खोक्याचा नंबर चार.

"मी छत्तीस वर्सं पोरं मोजली," त्या म्हणाल्या. "पहिल्या पोराले शून्य म्हटलं असतं तर त्याची माय भांडाले आली असती."

हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. उत्तर मात्र त्या 'चार' असंच तपासायच्या.

मग तो अर्धविराम आला. एका प्रश्नात फॉरची ओळ होती, म्हणजे एकच काम ठरावीक वेळा पुन्हा करायला सांगणारी ओळ. खाली आकडा छापायची सूचना. पडद्यावर काय दिसेल, असा प्रश्न. पुस्तकाचं उत्तर होतं, शून्य ते चार ओळीनं. मीही तेच सांगितलं. बाईंचं बोट हललं नाही.

"इथं अर्धविराम आहे," त्या म्हणाल्या. "फॉरच्या ओळीच्या शेवटी. बाकी कुठंच फॉरच्या ओळीला अर्धविराम नाही. मी मागची सगळी पानं पाहिली."

"छपाईची चूक असेल."

"चूक असेल तर उत्तर बरोबर आहे. चूक नसेल तर उत्तर चूक आहे. अर्धविराम म्हणजे वाक्य तिथं थांबलं. मग खालची ओळ फॉरची राहिलीच कुठं?"

मी म्हटलं, पुस्तक चुकणार नाही. बाई म्हणाल्या, तुझ्या सरांना विचारू. मला वाटलं, मी विचारून सांगेन असं त्यांना म्हणायचं आहे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या छत्री आणि प्रश्नसंच घेऊन फाटकाशी तयार उभ्या होत्या.

ऑटोत त्यांनी त्या पानात बोट घालून ठेवलं होतं. कॉलेजच्या लॅबच्या दाराशी चपला काढून आत आल्या. लॅबमध्ये चपला काढायची पद्धत नव्हती, सगळे बघायला लागले. सर चांगले होते. त्यांनी तो प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला, अर्धविरामासह, आणि चालवला. पडद्यावर फक्त पाच आले. शून्य, एक, दोन, तीन, चार यातलं काही नाही. नुसता पाच.

"बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले. "त्या अर्धविरामानं लूप तिथंच संपते. बाई, तुम्ही सी कुठं शिकल्या?"

"नाही जी. मी मराठी शिकवली," बाई म्हणाल्या.

सर हसले. बाईंनी लाल पेनानं पुस्तकातलं उत्तर खोडून पाच लिहिलं आणि सरांना म्हणाल्या, बाकीच्या पोरांच्या पुस्तकातही सुधारून घ्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ये कौन है?"

"मकान मालकिन है," मी म्हणाले. "ऐसे ही आ गई."

परतीच्या ऑटोत बाई रस्त्याकडे बघत होत्या. मुर्री जवळ आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "ऐसेच नोव्हती आली मी."

संध्याकाळी सहाला मात्र नेहमीसारखा तास झाला. शेवटी पुस्तक मिटताना त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "मलेही एक पेपर काढून दे. वीस मार्काचा. जास्त नको."

"तुम्हाला?"

"आयुष्यभर दुसऱ्यांचे घेतले. डीएडनंतर मी पेपरले बसली नाही."

मी काढला. पाच प्रश्न, चार-चार मार्कांचे. रविवारी अकरा ते साडेबारा अशी वेळ ठरली. त्या आठवड्यात बाईंनी सहा ते सातचा माझा तास घेतला, आणि सात ते आठ स्वतः अभ्यास केला. खालून पुटपुटणं ऐकू यायचं. रविवारी सकाळी त्यांनी दूधवाल्याला लवकर बोलावलं, इस्त्रीची साडी नेसल्या, टेबलावर घड्याळ ठेवलं, दोन पेन ठेवले आणि रेघा मारून उत्तरपत्रिकेचा समास सोडला. अकराच्या ठोक्याला मी त्यांच्या हातात प्रश्नपत्रिका दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

अकरा वीसला माझा फोन वाजला. वर्गातल्या मुली होत्या, त्याच मागच्या बाकावरच्या. "हम लोग समोसा खाने जा रहे हैं, तू आएगी?"

दीड वर्षात मला कोणी कुठं बोलावलं नव्हतं. मी उभी राहिले. "बाई, दहा मिनिटांत येते," म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. परीक्षेला बसलेला माणूस वर बघत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

समोसे खाल्ले, मग कोणाच्या तरी घरी गेलो, मग फोटो काढले. मी हसले की त्याही हसत होत्या. मला फार बरं वाटत होतं. घरी आले तेव्हा पावणेचार झाले होते.

बाई टेबलाशी बसलेल्या होत्या. पेनाला टोपण लावलेलं, उत्तरपत्रिका घडी घालून समोर. स्वयंपाकघरात भांड्यांना हात लागलेला नव्हता.

"इतका वेळ काऊन बसून राहिल्या, बाई? जेवल्या नाही?"

"पेपर जमा कोनापाशी करू? सुपरवायझर नोव्हता."

त्या रागावून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी घाईघाईनं उत्तरपत्रिका उघडली. त्यांनी वाट बघितली होती म्हणून आता त्यांना ताटकळत ठेवायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. उभ्या उभ्या, त्यांच्याच लाल पेनानं, पाचही प्रश्नांवर टिकमार्क केली. चार ठिकाणी एक-दोन मार्क कमी दिले, खरं वाटावं म्हणून. वर लिहिलं, चौदा. आणि हसून म्हणाले, "पास झाल्या, बाई."

बाईंनी कागद घेतला. एकेक पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तिसऱ्याचं उत्तर चार हाय," त्या म्हणाल्या. "मी पाच लिहिलं. तू बरोबर दिलं."

मी हातातल्या लाल पेनाला टोपण लावलं.

"शेवटच्या खोक्याचा नंबर. छत्तीस वर्साची सवय, हात पाचच लिहून गेला. साडेबाराले पेन ठेवला, अन् एक वाजता आठवलं का चार पाह्यजे."

"मग सुधारायचं ना, बाई. मी तर नव्हतेच."

"वेळ झाल्यावर लिहायचं नसते," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि भात लावायला आत गेल्या.

एक ते पावणेचार. पेन हाताशी, बघायला कोणी नाही, आणि चुकलेला आकडा समोर.

मी तो पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला. पहिले दोन प्रश्न शब्दाला शब्द पुस्तकासारखे. चौथ्यात एक ओळ राहिली होती. पाचवा प्रश्न होता, पॉइंटर म्हणजे काय ते उदाहरणासह लिहा. पॉइंटर म्हणजे दुसऱ्या खोक्याचा पत्ता जपून ठेवणारा खोका. तिथं त्यांनी पुस्तकातली इंग्रजी व्याख्या लिहिली होती, आणि उदाहरण मराठीत, त्यांच्या वळणदार अक्षरात:

"माझ्या पहिल्या शाळेत हजेरीपटावर एका मुलीचे नाव व घराचा ठिकाणा लिहिलेला होता. ती आठ दिवस आली नाही म्हणून मी ठिकाण्यावर गेले. घर होते. आत कोणी नव्हते. माणसे कामासाठी गाव सोडून गेली होती. ठिकाणा बरोबर होता. मी वर्षभर तिचे नाव कमी केले नाही. रोज हाक मारत असे व पुढच्या नावावर जात असे. पॉइंटरच्या बाबतीत असे होऊ शकते काय, हे पुस्तकात दिलेले नाही."

त्यावर माझी टिकमार्क होती. चारपैकी तीन.

असं होऊ शकतं. पॉइंटरजवळ पत्ता राहतो आणि त्या पत्त्यावर काही उरलेलं नसतं. सीमध्ये त्याला वेगळं नाव आहे आणि तो आमच्या पुस्तकाच्या बाहेरचा भाग होता. मी कागद घेऊन खाली धावले. बाई छपरीत सुपात तांदूळ निवडत होत्या.

"बाई, पाचव्यात तुम्ही जे विचारलं ते होते. तसं होऊ शकते. पुस्तकात नाही, पण होते."

"बरं," त्या म्हणाल्या.

"मी नीट तपासून देते. तिसऱ्याचे कमी होतील, पण पाचव्याला पूर्ण..."

"निकाल एकदा लागला का लागला." त्यांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. "मी कोनाचा बदलला नाही. चौदा तर चौदा."

त्या दिवशी सहा वाजता मी पुस्तक घेऊन खाली गेले. बाई म्हणाल्या, "आता तुझं तुले येते." दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत गेले आणि परत फिरले. भाडं, पाणी, गाडीची वेळ, सगळं पूर्वीसारखं बोलणं व्हायचं. कधी भाजीची वाटी वर यायची. फक्त त्यांनी मला प्रश्न विचारणं सोडलं. सहाच्या सुमारास मी खोलीत एकटी उत्तरं म्हणायची, मोठ्यानं, खिडकी उघडी ठेवून. खाली त्या छपरीत बसलेल्या असायच्या. एखादा शब्द मी मुद्दाम गाळायची. खालून आवाज यायचा नाही.

बॅक निघाला. सीमध्ये एकसष्ट पडले. मी पेढ्याचा पुडा घेऊन खाली गेले आणि आकडा सांगितला, आणि वाट बघत उभी राहिले. उरलेले एकोणचाळीस काय झाले, याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. कोणत्या प्रश्नात किती गेले, सगळं.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "घरी फोन कर."

पुढं डिग्री झाली, पुण्याला नोकरी लागली. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासायचं काम. मला जमतं ते. ऑफिसात कोणी उत्तर चुकलं म्हणालं की मी आधी चिन्हं बघते. बाईंना पहिल्या वर्षी तीन-चारदा फोन केला. त्या फोनवर फार बोलत नसत. तब्येत बरी, पाऊस बरा, ठेवू का. मग माझेच फोन कमी झाले.

मागच्या उन्हाळ्यात घरी आले तेव्हा मुर्रीला गेले. दुपारचे चार वाजले होते. बाई छपरीत त्याच खुर्चीवर होत्या, थोड्या वाळलेल्या. मला बघून उठल्या. मी बसा म्हणत असताना आत गेल्या आणि ट्रेमध्ये पाणी घेऊन आल्या. एवढी वर्षं मी माठातून हातानं घेऊन पाणी प्यायले होते. मग चहा आला, बशीत बिस्किटं आली. पाहुण्याला विचारतात तसं त्यांनी विचारलं, गाडीले गर्दी होती का, माय-बाप कसे आहेत.

वरच्या खोलीत आता बिरसीला विमान चालवायला शिकणारी एक मुलगी राहत होती. आम्ही बोलत असतानाच ती आली, कानात इअरफोन, पांढरा शर्ट. "आंटी, चाबी," म्हणाली. बाईंनी किल्ली दिली. ती जिना चढून गेली.

"तिलेही परीक्षा असते," बाई म्हणाल्या. "हवामानाची, नकाशाची. मी विचारलं होतं तिले, घेऊ का म्हणून. ती म्हणते, आंटी, सगळं मोबाईलमध्येच आहे. तोच विचारते, तोच तपासते."

"तुम्हाला सोबत होते ना पण."

"होते. वर पंखा चालू झाला का समजते मले, आली म्हणून."

मला पेपराबद्दल बोलायचं होतं. पुण्याहून निघताना, गाडीत, ऑटोत, सगळीकडे मी वाक्यं जुळवली होती. त्या दिवशी मी समोसे खायला गेले होते, मला कोणी तरी बोलावलं होतं, म्हणून गेले. मी तुम्हाला 'ऐसे ही' म्हटलं ते खोटं होतं. पण बाईंनी चहाचा कप उचलून नेला, बशी पुसली, आणि बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवायला लागला. मी उठले. वाकून पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

फाटकापर्यंत त्या सोबत आल्या. कडी काढून धरली. मग म्हणाल्या,

"आता कधी येशील?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. आजवर त्यांनी मला जे जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांच्या हातातल्या पुस्तकात मागे छापलेलं असायचं. आता त्यांच्या हातात फक्त फाटकाची कडी होती, आणि त्या खरोखर विचारत होत्या.

"दिवाळीत, बाई," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ऑटो वळेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या.

त्या दिवाळीत मला रजा मिळाली नाही.